प्रवाळासाठी समुद्रात हद्द आखायची तर ती नेमकी कुठून कुठपर्यंत? (मालवण)

सर्जेकोटची_पोर

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचते, आज पहिल्यांदा स्वतः धागा काढतेय. लांब झालाय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आमचं घर मासेमारीचं. बाबा अजून गरीवर (गळानं मासे धरायला) जातात, थोडी जाळीही आहेत, मी मात्र गेली सहा वर्षं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना स्नॉर्कलिंग आणि स्कूबाला नेते. म्हणजे घरातला एक माणूस समुद्र वरून बघतो आणि एक खालून, आणि जेवताना दोघांचं भांडण ठरलेलं.

भांडणाचा विषय अभयारण्य. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मालवणचं सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर गाभा, त्यात किल्ला आणि पद्मगड आणि भोवतालची खडपं (पाण्यातले खडक) येतात. बाबा सांगतात की आधी कागद झाला आणि मग लोकांना कळलं. तेव्हापासून इथं 'अभयारण्य' शब्द काढला की अर्धी सभा उठून उभी राहते, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्या रेषेनं ना मच्छिमाराचं भलं झालं ना प्रवाळाचं.

आणि खाली काय दिसतं ते मी रोज बघते. सीझनमध्ये एकाच खडपावर आठ-दहा बोटी, प्रत्येकीचा नांगर प्रवाळावर. गेल्या डिसेंबरात माझ्यासमोर एका बोटीनं नांगर ओढला आणि पोराइटिस जातीच्या प्रवाळाचा मोठा घुमट मधोमध दुभंगला. हे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतं, म्हणजे मीटरभर उंचीचा घुमट शंभरेक वर्षांचा. माझ्या पणजोबाच्याही आधीचा. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता मच्छिमार सोसायटीच्या पुढच्या सभेत मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय, कारण 'तू खाली जातेस, तूच सांग काय ते'. तर माझे प्रश्न असे. जगात जिथं हे नीट झालंय तिथं हद्द आखायची सुरुवात कुठून करतात? किती भाग पूर्ण बंद ठेवावा लागतो? बंद भागातला मासा खरंच बाहेर येतो का, की ते नुसतं सांगायचं असतं? आणि समुद्रच तापणार असेल तर या हद्दीचा उपयोग काय? खरी उदाहरणं द्या प्लीज. 'निसर्ग वाचवा' एवढंच सांगायला गेले तर बाबाच पहिले उठून जातील.

---

टाउन्सव्हिलकर

ताई, प्रश्न फार चांगले मांडलेत. मी मूळचा रत्नागिरीचा, बारा-तेरा वर्षं झाली ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला आहे, ग्रेट बॅरिअर रीफच्या सर्व्हेच्या डेटावर काम करतो. तर आधी इथलं सांगतो, कारण इथं पहिल्या खेपेला चुकलं आणि मग सुधारलं, आणि चुकलं काय ते तुमच्या जास्त कामाचं आहे.

इथला मरीन पार्कचा कायदा १९७५ चा. पार्क केवढा तर ३,४४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून मोठा. पण जवळजवळ तीस वर्षं त्यातला ५ टक्क्यांपेक्षाही कमी भाग मासेमारीला पूर्ण बंद होता. आणि तो कुठला, तर बराचसा लांबचा आणि आधीच सांभाळलेला प्रवाळ, जिथं बंद केलं काय आणि न केलं काय फारसा फरक पडत नव्हता. किनाऱ्याजवळची समुद्री गवताची कुरणं, गाळाचे तळ, प्रवाळांच्या मधली खोल जागा, यांना जवळपास काहीच संरक्षण नाही. मासा मात्र लहानपणी गवतात असतो आणि मोठा झाला की प्रवाळावर येतो, मग नुसतं प्रवाळ राखून काय होणार?

म्हणून नव्यानं आखताना त्यांनी रेषा आधी काढल्याच नाहीत. आधी तळाचे प्रकार मोजले. ७० प्रकारचे विभाग निघाले, ३० प्रवाळाचे आणि ४० बिगर-प्रवाळाचे, आणि नियम केला की प्रत्येक प्रकारातला किमान २० टक्के भाग पूर्ण बंद राहील, आणि तोही एकाच ठिकाणी नाही तर विखरून, म्हणजे एक वादळ आलं तर सगळं एकदम जाऊ नये. जुलै २००४ पासून हे लागू झालं आणि बंद भाग ३३ टक्क्यांवर गेला.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे दोन फेऱ्यांत मिळून लोकांची ३१ हजारांहून जास्त निवेदनं आली. ती नुसती फायलीत लागली नाहीत, त्यावरून रेषा हलल्या. एखाद्या गावाची सगळी पोरं जिथं गळ टाकतात ती जागा सोडून त्याच प्रकारचा तळ दुसरीकडे घेतला असं खूप ठिकाणी झालं. हे जमतं कशामुळे, तर 'हाच खडक पाहिजे' असा हट्ट नसतो, 'या प्रकारचा इतका भाग पाहिजे' एवढंच ठरलेलं असतं. त्यासाठी मार्क्सन नावाचं सॉफ्टवेअर आहे, क्वीन्सलँड विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं, ते शेकडो पर्याय काढून दाखवतं की हे सोडलं तर त्याऐवजी ते घ्या. मालवणच्या आकाराला सॉफ्टवेअरची गरजही नाही, मोठा नकाशा, ट्रेसिंग पेपर आणि पाच जाणते तांडेल (होडीचे म्होरके) बसवले तरी पुरे. आणि हो, ज्यांचा धंदा बुडाला त्यांना सरकारनं पैसे दिले, सगळं मिळून २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेलं ते. सभेत भरपाईचा विषय कोणी काढला तर त्याला गप्प करू नका, तो रास्त आहे.

आता मासा बाहेर येतो का. याचं उत्तर आता डीएनएवरून मिळालंय. इथून दक्षिणेला केपेल बेटं आहेत, तिथं बंद भागातल्या मोठ्या माशांचे आणि आसपासच्या सगळ्या पिल्लांचे नमुने घेऊन कोणाचं पिल्लू कोणाचं ते जुळवलं. बंद भाग होता २८ टक्के, पण ३० किलोमीटरच्या आतली जवळजवळ निम्मी पिल्लं त्या २८ टक्क्यांतल्या आईबापांची निघाली, आणि त्यातली बरीच उघड्या भागात जाऊन वाढत होती. कारण साधं आहे, बंद भागात मासा म्हातारा आणि मोठा होऊ शकतो, आणि मोठी मादी हिशोबाबाहेर अंडी देते. रेड स्नॅपरचं, म्हणजे आपल्या तांबोशीच्या कुळातल्या माशाचं, गाजलेलं उदाहरण आहे: ६१ सेंटीमीटरची एक मादी ४२ सेंटीमीटरच्या २१२ माद्यांइतकी अंडी देते. हे बाबांना नक्की सांगा.

पण एक कडू गोष्ट पण सांगा. २०१४ मध्ये जगभरातली ८७ संरक्षित क्षेत्रं तपासली होती, पाच गोष्टी बघितल्या: मासेमारी पूर्ण बंद आहे का, राखण होते का, दहा वर्षांहून जुनं आहे का, १०० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं आहे का, आणि खोल पाणी किंवा वाळू यांनी बाकीपासून वेगळं पडलंय का. ज्यांच्यात यातल्या एक-दोनच गोष्टी होत्या ती क्षेत्रं उघड्या समुद्रापेक्षा वेगळी दिसतच नव्हती, आणि अशी निम्म्याहून जास्त निघाली. मालवणचा गाभा मोठा नाही आणि मोठा होणारही नाही. म्हणून उरलेल्या गोष्टींवर जोर द्यावा लागेल, विशेषतः राखणीवर.

---

देवबागकर

पोरी, तुझा बाप काय म्हणता ता बरोबर आसा आणि तू म्हणतंस ताही बरोबर. मी आता शुद्ध मराठीत लिहितो नाहीतर पुण्यामुंबईच्या लोकांना कळायचं नाही.

आम्ही रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते वाळूवर ओढतात, खडपावर नाही, त्यामुळे आमच्या जाळ्यानं प्रवाळ मोडतं हे मी मान्य करणार नाही. आमच्या समुद्राची वाट लावली ती बाहेरून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरनी, पर्ससीननी (माशांचा थवा घेरून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यांनी) आणि रात्री एलईडी लावून मासा गोळा करणाऱ्यांनी. कायदे आहेत, १९८१ चा मासेमारी नियमन कायदा आहे, २०१६ ला पर्ससीनवर बंधनं आली, एलईडीला बंदी आहे, तरी रात्री क्षितिजावर दिवाळी असतेच. मग आमच्या लोकांना वाटतं की मोठ्याला हात लागत नाही म्हणून लहानाला धरतायत. या रागाला आधी उत्तर द्या, मग नकाशा काढा.

दुसरं असं की खडप कुठं, किती वाव (खोलीचं माप, साधारण सहा फूट) पाण्यात, गोबरा मासा कुठल्या कपारीला बसतो, शेवंड (लॉब्स्टर) कधी अंड्यावर असते, हे आमच्या पिढीला पाठ आहे. पण आम्ही ते सांगत का नाही? कारण जागा दाखवली की एकतर तिथं उद्या दुसऱ्याची होडी असते नाहीतर परवा सरकारचा बोर्ड. सभेत पहिल्यांदा हे ठरवा की जो जागा दाखवील त्याच्या पोटावर पाय येणार नाही. गरीवाल्याला चारी बाजूंनी जायला मिळालं पाहिजे, फक्त ठरलेली खडपं सोडून.

आणि फक्त मच्छिमाराला नियम आणि पर्यटनाच्या बोटी मोकाट, असं केलंत तर मी पण उठून जाईन. नांगर त्यांचेच पडतात, तू स्वतःच लिहिलंयस. पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करतात तेही बंद व्हायला हवं.

राखण कोण करणार रात्रीची, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

---

दुमागेतेची_वारी

देवबागकर काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नावरच लिहितेय. मी कोथरूडची, पण डायव्हिंगच्या नादानं दोन वेळा फिलिपिन्सला दुमागेतेला राहून आलेय, तिथून अपो बेट अर्धा-पाऊण तासावर. आणि तिथल्या दोन बेटांची गोष्ट या धाग्यासाठीच घडली असावी असं मला तुमचं वाचताना वाटलं.

एक सुमिलोन, एक अपो. सिलिमन विद्यापीठाचे अँजेल अल्काला म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७४ साली सुमिलोनच्या प्रवाळाचा साधारण चौथा हिस्सा बंद करून घेतला. दहा वर्षं तो राखला गेला आणि बाहेरच्या भागात कोळ्यांची पकड चांगली राहिली. मग स्थानिक राजकारण फिरलं, १९८४ मध्ये राखण मोडली, लोक आत शिरले. आता बघा, मासेमारीला जागा वाढली म्हटल्यावर पकड वाढायला हवी होती ना? दोन वर्षांत सगळ्या बेटाची मिळून पकड जवळपास निम्म्यावर आली. म्हणजे बंद तुकडा बाकीच्यांना पोसत होता हे तो तुटल्यावर कळलं. ताई, सभेत एकच उदाहरण द्यायचं असेल तर हे द्या, कारण यात पर्यटक नाही, परदेशी पैसा नाही, निव्वळ कोळ्यांची टोपली आहे.

अपोत त्यांनी उलट्या टोकानं सुरुवात केली. विद्यापीठाचे लोक आधी कित्येक महिने गावात जाऊन बसले, बोलले, आणि १९८२ मध्ये गावानं स्वतः एक तुकडा निवडला. केवढा? बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, किनाऱ्यालगत जेमतेम अर्धा किलोमीटर. राखण गावातल्याच घरांनी वाटून घेतली, तुकडा घरांसमोर असल्यामुळे रात्री कोणी आलं की दिसतं. इंजिनाचा आवाज सुद्धा कोणाचा ते त्यांना ओळखू येतं, हे मी त्यांच्या ओसरीवर बसून ऐकलंय. काका, मला वाटतं राखणीचं उत्तर हेच, हद्द अशा ठिकाणी असावी जिथून ती कोणाच्या तरी दारातून दिसते. सर्वात सुंदर खडप लांब आहे म्हणून तिथं रेषा काढली आणि राखायला कोणी नाही, त्यापेक्षा दुसऱ्या नंबरचं खडप जवळचं बरं.

धीर मात्र लागतो. लहान मासे लवकर वाढतात, पण गोबऱ्यासारखे मोठे शिकारी मासे हळू, त्यांचा आकडा दहा-पंधरा वर्षं चढतच होता. आता तिथं डायव्हर लोकांकडून फी घेतात, ती बेटाच्या कामाला जाते.

आणि एक वाईट झालं तेही सांगायला हवं. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२, लागोपाठ दोन चक्रीवादळं आली आणि अपोचा तो तीस वर्षं जपलेला तुकडा लाटांनी जवळजवळ खरवडून नेला. बेटाच्या दुसऱ्या बाजूचं प्रवाळ वाचलं. मी गेले तेव्हा एक आजोबा वाळूत पडलेला प्रवाळाचा चुरा दाखवत होते, बोलत काहीच नव्हते. म्हणून सगळी भिस्त एकाच खडपावर ठेवू नका, लहान-लहान का होईना, तीन तरी घ्या आणि वेगवेगळ्या तोंडाला घ्या.

---

अभिजीत_एस

सगळं वाचलं, पटतंय पण. पण समुद्र तापला की हद्दीच्या आतलं आणि बाहेरचं प्रवाळ सारखंच पांढरं पडतं ना? बॅरिअर रीफचं एवढं नियोजन करून २०१६ ला काय झालं? मग एवढी मेहनत आणि मच्छिमारांशी वैर कशासाठी घ्यायचं? मनापासून विचारतोय.

---

कवरत्ती_डायरी

अभिजीत, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर गुळमुळीत देण्यात अर्थ नाही. हो, रेषा उष्णता अडवत नाही. २०१६ मध्ये बॅरिअर रीफचा सगळ्यात अस्पर्श, सगळ्यात कमी मासेमारीचा उत्तरेचा भाग सर्वात जास्त मेला, आणि त्यानंतर नऊ महिन्यांत एकूण प्रवाळातले सुमारे ३० टक्के गेले. पाणी स्वच्छ होतं म्हणून वाचलं, मासेमारी बंद होती म्हणून वाचलं असं तिथं दिसलं नाही.

मी कामानिमित्त चार वर्षं लक्षद्वीपला होतो. १९९८, २०१०, २०१६, तिन्ही वेळा तिथं मोठा फटका बसला आणि २०२४ ला परत. आपल्याच देशातल्या संशोधकांनी तिथल्या तीन बेटांवर २४ वर्षं नोंदी ठेवल्यात, १९९८ ला जितकं जिवंत प्रवाळ होतं त्याच्या जवळपास निम्मंच २०२२ ला उरलंय. हे वाचून मी पण एकदा हात टेकले होते.

पण त्याच नोंदीत दुसरी गोष्ट आहे. प्रवाळ दर वेळी सावरायला लागतं. किती सावरतं हे दोन गोष्टींवर ठरतं: दोन उन्हाळ्यांमध्ये उसंत किती मिळाली, आणि मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ माजतं की नवीन पिल्लाला बसायला जागा उरते. दुसरी गोष्ट माशांच्या हातात आहे, पोपटमासे आणि सर्जनमासे शेवाळ खरवडून खातात म्हणून खडक मोकळा राहतो. लक्षद्वीपला पिढ्यानपिढ्या ट्यूना धरतात, उघड्या समुद्रात, काठी-गळानं. त्यामुळे प्रवाळावरच्या माशावर ताण कमी राहिला, आणि १९९८ नंतर तिथलं प्रवाळ सावरलं त्यात याचा वाटा आहे असं तिथले अभ्यासक सांगतात. म्हणजे कागदावर हद्द नव्हती, पण लोकांच्या मासेमारीच्या पद्धतीनंच ती आखलेली होती. हद्दीचा उपयोग हा आहे. आग लागणार नाही याची हमी ती देत नाही, जळल्यावर परत उगवायला बी आणि जमीन शिल्लक ठेवते.

आणि नियोजन करताना उष्णतेचा हिशोब आता आधीच करतात. उन्हाळ्यातल्या सर्वात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशानं वर गेलं आणि तसंच चार आठवडे राहिलं की प्रवाळाच्या आत राहणारं एकपेशीय शैवाल बाहेर पडतं आणि ते पांढरं दिसायला लागतं, आठ आठवड्यांइतकी उष्णता साठली की मरायला सुरुवात. उपग्रहावरून हे रोज मोजतात आणि कोणीही फुकट बघू शकतो. मग आखताना बघायचं की आपल्या भागात कुठलं खडप त्यातल्या त्यात थंड राहतं, कुठं ओहोटीचा प्रवाह जोरात आहे, कुठं खालून गार पाणी येतं, कुठं पाणी गढूळ असल्यामुळे ऊन थेट लागत नाही. मालवणातही २०१५-१६ च्या सुमारास प्रवाळ पांढरं पडल्याच्या नोंदी आहेत. ताई, तुमच्याकडच्या कुठल्या खडपावर कमी पांढरं पडलं आणि कुठलं लवकर सावरलं, ही माहिती तुमच्यासारख्या गाइड लोकांकडे असते. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या दहा घुमटांचे फोटो काढून ठेवा, तारीख आणि खोलीसकट. तुमच्या हद्दीचा पाया तोच.

जगात प्रवाळ पांढरं पडण्याचा जो चौथा मोठा प्रकार झाला, एप्रिल २०२४ ला जाहीर झाला तो, त्यात जगातल्या ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला धोक्याची उष्णता लागली. म्हणून मी तरी म्हणेन, जे सोसूनही उभं राहिलंय ते खडप नांगरानं मोडणं हा आता गुन्हाच समजायला हवा.

---

अभिजीत_एस

बी आणि जमीन. समजलं. धन्यवाद दादा.

---

किनारा_आणि_कायदा

कायद्याचं थोडं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २६अ मध्ये स्पष्ट आहे की अभयारण्यात सागरी हद्दीतलं पाणी घ्यायचं असेल तर सीमा ठरवताना नौदलाच्या मुख्य जलआलेखकांचा सल्ला घ्यायचा आणि *स्थानिक मच्छिमारांच्या व्यवसायाचं हित जपायची पुरेशी उपाययोजना केल्यावरच* त्या ठरवायच्या. हे वाक्य सभेत मोठ्यानं वाचून दाखवा. मच्छिमाराचं हित हा उपकार नाही, कायद्यातली अट आहे.

शिवाय अभयारण्य एवढा एकच दरवाजा नाही. कलम ३६अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र करता येतं, त्यात स्थानिक लोकांशी विचारविनिमय आधी करावा लागतो आणि व्यवस्थापनाची समिती असते. तामिळनाडूनं सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात समुद्रगाईंसाठी ४४८ चौरस किलोमीटरचं असंच राखीव क्षेत्र केलंय. आणि प्रवाळ स्वतः २००१ पासून अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्या रांगेत, म्हणजे अभयारण्याच्या बाहेर सुद्धा ते तोडणं गुन्हा आहे. नांगर टाकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

जाता जाता अँग्रिया बँक. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखालचं पठार, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं, वरचा माथा साधारण २० मीटर खोल आणि त्यावर भरगच्च प्रवाळ. २०१९ च्या डिसेंबरात तिथं मोठी शोधमोहीम झाली होती. पण ते १२ सागरी मैलांच्या पलीकडे, त्यामुळे राज्याचं अभयारण्य तिथं करता येत नाही, तो केंद्राच्या १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याचा प्रांत. डिसेंबर २०२२ ला जगानं मिळून २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखायचं ठरवलंय, तेव्हा अशा लांबच्या जागा घाईनं नकाशावर रंगवून टाकायचा मोह होणार. तिथं कोणाच्या दारातून काहीच दिसत नाही, त्यामुळे राखणीचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागेल.

---

सर्जेकोटची_पोर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, खरंच. दोन रात्री बसून सगळं वहीत उतरवलं. काल जेवण झाल्यावर बाबांना सुमिलोनची गोष्ट वाचून दाखवली. ते काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले परत वाच. मग २१२ माद्यांचं सांगितलं तर म्हणाले ह्या आमका म्हायत आसा, मोठी तांबोशी पोटुशी मिळाली की आजी परत सोडूक सांगायची. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

सभेत मी पूर्ण अभयारण्याचा विषय काढणार नाही. तीन खडपं मागणार, तिन्ही गावातून किंवा किल्ल्यावरून दिसणारी, एक किल्ल्याच्या आडोशाची, एक उघड्या समुद्राकडची आणि एक खोलातली. तिथं पाच वर्षं कोणाचा गळ नाही, जाळं नाही आणि नांगर तर कोणाचाच नाही. पर्यटनाच्या बोटींना नांगराऐवजी बांधायला बोया (तरंगते गोळे) बांधून द्यायचे, बोयाला बांधणाऱ्या प्रत्येक बोटीनं सोसायटीकडे पैसे भरायचे आणि ते राखणीला. बाहेर गरीवाल्यांना पूर्ण मोकळीक, लेखी. एलईडी आणि ट्रॉलरबद्दल त्याच ठरावात मागणी, म्हणजे देवबागकर काका म्हणतात तो राग बाजूला पडणार नाही. फोटोंचं काम आम्ही चार गाइडनी वाटून घेतलंय, पहिले दहा घुमट ठरवले, प्रत्येकाला नंबर दिलाय. दुभंगलेला घुमट नंबर १.

एक गोष्ट कुठंच धरली नाही ती म्हणजे गाळ. कर्ली नदीतून पावसाळ्यात लाल पाणी येतं, वर डोंगर जेवढा उघडा होईल आणि खाडीतली वाळू जेवढी उपसली जाईल तेवढं ते दाट होणार. आपलं प्रवाळ गढूळ पाण्याला सरावलेलं आहे, पण वर गाळाचा थर बसला तर तेही गुदमरतं. समुद्रातल्या रेषेनं ते थांबणार नाही. त्यावर स्वतंत्र धागा काढेन.

---

टाउन्सव्हिलकर

ठराव उत्तम आहे. एकच सुचवतो, पाच वर्षं म्हणताय ती दहा करता आली तर बघा, गोबऱ्याला पाच पुरणार नाहीत. नाहीच जमलं तर पाच वर्षांनी 'उघडायचं का' असं न विचारता 'काय मोजलं ते बघून ठरवायचं' असं लिहा. आणि सीमा वाकड्यातिकड्या ठेवू नका, चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश द्या, म्हणजे मोबाईलच्या जीपीएसवर कोणालाही कळेल की आपण आत आहोत की बाहेर. इथं तेच केलं.

---

देवबागकर

पोरी, बोया पावसाळ्यात रवाचे नाय. जूनच्या पहिल्या उधाणाक सगळे तुटान किनाऱ्यार येतले. मेच्या शेवटाक काढूचे आणि नारळी पौर्णिमेनंतर परत बांधूचे, ह्या ठरावात घाल. खालचो काँक्रीटचो ठोकळो मात्र कायमचो होयो आणि तो वाळूत बसवूचो, प्रवाळार नाय, आणि साखळी तळार घासता कामा नये, मधी एक लहान बोया घालून ती उचलून धरूची. आमच्या रापणीच्या जुन्या साखळ्यो पडलेल्यो आसत, तपासून बघूया चलतत काय त्या. ठोकळो किती किलोचो होयो ता मात्र माका सांगूक येणा नाय, सात वाव पाणी आणि बारा मीटरची बोट धरून कोणाक म्हायत असला तर हंय लिवा. सभेक मी येतंय.